यंदा घासाघीस सोडली

फेब्रुवारी संपत आला की वसईत आमच्याकडे एक प्रश्न हमखास कानावर येतो, "मग, यंदा काय सोडणार?" चर्चच्या पायऱ्यांवर, विरार लोकलच्या लेडीज डब्यात, लग्नाच्या मांडवात. उपवासकाळात आमच्यात लग्नं होत नाहीत, त्यामुळे त्याआधीच्या दिवसांत ती दाटीवाटीनं उरकलेली असतात आणि मटणाच्या ताटावर बसूनच ही चर्चा रंगते. उत्तरंही ठरलेली. कोणी चहा सोडतं, कोणी मटण-मासे, कोणी दारू, पोरं चॉकलेट. आमचे एक काका दरवर्षी सिगारेट सोडतात आणि ईस्टरच्या रात्रीचा मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) आटोपला की चर्चच्या फाटकाबाहेर पहिली पेटवतात. इतक्या वर्षांत हा नेम चुकलेला नाही.

ज्यांना या भानगडीची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत, मधले रविवार वगळून, ४० दिवस म्हणजे आमचा उपवासकाळ. प्रभू येशूनं अरण्यात ४० दिवस उपास केला, त्याची ही आठवण. चर्चचे सक्तीचे नियम तसे मोजकेच आहेत. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी एकदाच पोटभर जेवायचं, बाकी दोन वेळा थोडंसं. हे १८ ते ५९ वयाच्या लोकांसाठी. शुक्रवारी मांस नाही, हे १४ पूर्ण झालेल्या सगळ्यांना. बास. पूर्वी हे फार कडक होतं, १९६६ साली सहावे पोप पॉल यांनी ते बरंच सैल केलं. बाकी "काय सोडणार" हा मामला ज्याचा त्याचा. चर्च यादी देत नाही, आणि घोळ होतो तो इथंच.

गंमत म्हणजे नियमात मासा मांसात मोडत नाही. म्हणजे शुक्रवारी कोंबडीची तंगडी खाल्ली तर नियमभंग, आणि महागातली सुरमई तव्यावर परतून खाल्ली तर उपवास शाबूत. ऑफिसातल्या मैत्रिणी साबुदाणा खिचडीचे डबे उघडताना "एकादशी दुप्पट खाशी" म्हणून एकमेकींना चिडवतात, तेव्हा मी आपली गप्प बसते. आमचं काय वेगळं आहे?

माझ्या सासूबाई सत्तरीच्या पुढच्या. नियमानं त्यांना उपासाची सूट आहे. पण त्या सगळा उपवासकाळ मटण-मासे शिवत नाहीत आणि शुक्रवारी पेज नि लोणच्यावर काढतात. "सूट तुमच्यासाठी आहे, आम्हाला सवय आहे," हे त्यांचं उत्तर. त्यांना कधी "काय सोडू" असा प्रश्न पडलेला मी पाहिलेला नाही. तो आमच्या पिढीचा.

मी वर्षानुवर्षं चहा सोडत आले. पहिले तीन-चार दिवस डोकं ठणकायचं, ऑफिसात चिडचिड व्हायची, मग सवय लागायची. पुढे पुढे तर त्यात काहीच राहिलं नाही, चहाऐवजी कॉफी प्यायले की झालं. मग एका वर्षी गोड सोडलं. त्या वर्षी ईस्टरला मी वजनकाट्यावर उभी राहिले आणि आकडा बघून इतकी खूश झाले की हा उपास नक्की कोणासाठी केला, हे मलाच सांगता येईना. २०२५ साली म्हणूनच ठरवलं होतं की यंदा नीट विचार करून काय ते निवडायचं.

विचार करायला लागले तर प्रत्येक पर्यायाला काहीतरी खोट निघायची. नवरा म्हणाला, "साखर सोड ना पूर्ण. डॉक्टरांनी सांगितलंच आहे." म्हणजे डॉक्टरांचं पथ्य देवाच्या नावावर खपवायचं! मुलगा म्हणाला, फोन सोड. फोन सोडणं हा हल्लीचा फॅशनेबल त्याग आहे, अर्धा धर्मग्राम (एका चर्चच्या हद्दीतली वस्ती) तो सोडतो आणि सोडल्याचं स्टेटसला टाकतो. शिवाय आमचं ऑफिसच व्हॉट्सॲपवर चालतं. सीरियल मी बघत नाही. दागिन्यांचा सोस नाही. मासे सोडावेत तर ते सासूबाईंनी सोडलेलेच आहेत, आणि एका घरात दोघींनी तीच गोष्ट सोडली की नकळत चढाओढ लागते. कोण जास्त धार्मिक, हे ठरवायला स्वयंपाकघर ही वाईट जागा.

ट्रेनमध्ये माझ्यासमोर बसणारी मैत्रीण त्रिशूरची, सिरो-मलबार, म्हणजे केरळातल्या जुन्या परंपरेची कॅथलिक. त्यांचा मोठा उपास आमच्या दोन दिवस आधी, सोमवारीच लागतो. पन्नास दिवसांचा. तिच्या घरी मांस, मासे, अंडी, दूधदुभतं सगळं बंद. माझी रडकथा ऐकून ती म्हणाली, "तुम्हाला निवडायला मिळतं ना, म्हणून हा त्रास." शेजारी आमची तिसरी मैत्रीण, तिचे रोजे त्या वर्षी २ मार्चलाच सुरू झालेले. दिवसभर थेंबभर पाणी नाही आणि विरार ते चर्चगेट रोजचा प्रवास. तिनं माझ्याकडे जे पाहिलं त्यात कीव होती असं मला आजही वाटतं.

५ मार्चला राखेचा बुधवार आला तरी माझं ठरलं नव्हतं. सकाळच्या मिस्साला गेले, कपाळावर राखेचा क्रूस घेतला. आदल्या वर्षी ईस्टरआधीच्या रविवारी आशीर्वादलेल्या झावळ्या जाळून ती राख करतात. "तू माती आहेस आणि मातीला मिळशील" हे ऐकलं. पोप फ्रान्सिस तेव्हा रोमच्या जेमेली रुग्णालयात होते, त्यांच्यासाठी प्रार्थना झाली. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानातला तो नेहमीचा उतारा वाचला गेला, उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू देऊ नका, उपास करताना तोंड उतरवून फिरू नका. मी नेहमीप्रमाणे मान डोलावली. आणि काय सोडायचं हे न ठरवताच ८:०२ पकडली.

शुक्रवारी संध्याकाळी मिस्सा आणि क्रुसाची वाट (येशूच्या क्रुसापर्यंतच्या प्रवासाची प्रार्थना) असते. त्या शुक्रवारी पहिलं वाचन बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या अठ्ठावन्नाव्या अध्यायातलं असतं. लोक देवाला विचारतात, आम्ही उपास करतो आणि तुझं लक्षच नाही, असं कसं? देव त्यांना जे सुनावतो त्याचा मथितार्थ असा, की उपासाच्या दिवशीही तुम्ही आपलाच धंदा बघता आणि तुमच्या कामकऱ्यांना पिळून घेता. मला हवा तो उपास म्हणजे जोखडाच्या दोऱ्या सोडणं, भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं.

हे वाचन मी लहानपणापासून ऐकतेय. त्या दिवशी ते कानात अडकलं त्याला कारण दैवी वगैरे नव्हतं. चर्चला येता येता मी बाजारातून मेथीच्या तीन जुड्या घेतल्या होत्या, म्हातारीनं साठ सांगितले होते, मी चाळीस टेकवले होते आणि वर कोथिंबिरीच्या चार काड्या ओढून घेतल्या होत्या. ती पिशवी बाकाखाली माझ्या पायाशी होती. मेथीचा वास येत होता.

घासाघीस मला येते. नुसती येते असं नाही, मी त्यात तरबेज आहे. माझ्या जावा मला बाजारात मुद्दाम सोबत नेतात. मासळीचा भाव कसा पाडायचा ते मी शिकवू शकते. आधी कल्ला उचलून लाली बघायची. लाल असली तरी तोंड वाकडं करायचं. ज्या माशाची गरज नाही त्याचा भाव आधी विचारायचा. मग हवा तो वाटा अगदी सहज विचारल्यासारखा विचारायचा, निम्म्याच्या जरा वर मागायचा आणि ती "नाय परवडत" म्हणाली की वाद न घालता दोन पावलं पुढे सरकायचं. मागं वळून बघायचं नाही. "ये बाय, ये" ही हाक येतेच. ती आली की जो आनंद होतो तो तीस-चाळीस रुपयांचा नसतो. जिंकल्याचा असतो.

आता, मॉलमध्ये आपण भाव करत नाही आणि गरीब भाजीवालीशी करतो, हा मेसेज मलाही पन्नास जणांनी पाठवलाय. त्याखाली हात जोडलेले असतात. त्यानं माझ्यावर ढिम्म परिणाम झालेला नाही. त्या बाकावर बसून जाणवलं ते वेगळंच होतं. चहा, साखर, मटण हे सगळं माझ्या जिभेचं होतं. घासाघीस माझ्या हुशारीची होती. ती सोडायची या कल्पनेनंच पोटात गोळा आला, चहाच्या वेळी असं कधी झालं नव्हतं. म्हटलं, हेच.

घरी कोणाला सांगितलं नाही. डावा-उजवा हात डोक्यात ताजा होता.

पहिली परीक्षा मासळी बाजारात. माझी नेहमीची कोळीण पाचूबंदरची, आमच्याच धर्माची. बोंबलाचा वाटा दोनशे म्हणाली. एरवी मी एकशेवीसला सुरू करून दीडशेला थांबले असते. मी दोनशे काढून दिले. तिनं नोटा हातात धरल्या, कनवटीला लावल्या नाहीत. माझ्याकडे नीट बघितलं.

"काय गं बाय, बरं नाय काय?"

बरं आहे म्हटलं. तिचा विश्वास बसला नाही. तिनं टोपलीतले आणखी दोन बोंबील उचलून माझ्या पिशवीत टाकले. मी हरखले. त्यागाचं फळ इतक्या लवकर!

ही गोष्ट मी पुढच्या रविवारी माहेरी आईला सांगितली, म्हणजे गुपित तेवढ्यातच फुटलं. आई आता घरीच असते, पण माझ्या लहानपणी ती आमच्या वाडीतली भाजी नि केळी घेऊन पहाटेच्या गाडीनं मुंबईला विकायला जायची. मला वाटलं तिला भरून येईल. ती हसली.

"जो भाव करत नाही ना, त्याला आम्ही दुसऱ्या वेळी पाच रुपये चढेच सांगायचो. बघ तू आता."

आणि तसंच झालं. दोन आठवड्यांत माझ्यासाठी सगळ्यांचे भाव चढले. मेथीची म्हातारी सत्तरवर गेली. केळीवाल्यानं तर डझनाचा आकडा सांगताना माझ्या चेहऱ्याकडे बघून तो मनातल्या मनात वाढवला, हे मला स्पष्ट दिसलं. आता काय करायचं? फसवून घेणं हाही त्यागाचाच भाग धरायचा का? बाजारात माझ्या शेजारी उभी असलेली एक बाई तर माझ्यावर खेकसली, "तुमच्यासारख्यांमुळे आमचे भाव वाढतात!" तिचंही चूक नव्हतं. ती रोज मोजून पैसे घेऊन बाजारात येणारी. माझ्या उपासाचा भुर्दंड तिला का?

तोड काढून दिली ती कोळणीनं. एक दिवस मी पुन्हा मुकाट पैसे पुढे केले, तर ती वैतागली. "तू काय बोललीच नाय तं मना कसं कलेल, तुला पटला का नाय?"

खरंच होतं. घासाघीस सोडण्याच्या नादात मी बोलणंच सोडलं होतं. पैसे द्यायचे, माल उचलायचा, चालू पडायचं, जसं मशीनमधून तिकीट काढावं. आणि माझ्या या थोरपणात तिला माणूस म्हणून काही कामच उरलं नव्हतं. मग नियम बदलला. भाव विचारायचा, बोलायचं, महाग वाटलं तर "आज महाग आहे गं" असं तोंडावर सांगायचं, ती आपणहून कमी करेल तर घ्यायचं. पण पाडून मागायचं नाही, दोन पावलांचं नाटक करायचं नाही आणि खरंच परवडत नसेल तर न घेता यायचं. यानंतर तिच्याकडून कळलं की उपवासकाळात तिचा धंदा निम्म्यावर येतो, कारण आमची पुष्कळ माणसं मासेही सोडतात. "तुमचा उपास नि आमचा बी उपासच," ती म्हणाली. हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, मग तिच्याकडून सुका जवळा भरून ठेव, ईस्टरनंतर चालेल. व्यवहाराचं त्यांना बरोबर कळतं.

रविवारचा पेच त्याच सुमाराचा. उपवासकाळातले रविवार उपासात धरत नाहीत, त्यामुळे चहा सोडलेले रविवारी चहा पितात. माझ्या मुलानं विचारलं (एव्हाना घरात सगळ्यांना कळलं होतं, हिशेबाची वही नवराच लिहितो), "मम्मी, मग तू रविवारी भांडू शकतेस ना भाजीवालीशी?" मिस्सानंतर चर्चच्या बाहेरच बाया भाजी घेऊन बसतात. अंगात नुसती खुमखुमी. पण सहा दिवस जिला पूर्ण पैसे द्यायचे तिला सातव्या दिवशी पाडायचं, हे मलाही हास्यास्पद वाटलं. बाकी कुठल्याही त्यागाला रविवारची सुट्टी शोभते, याला शोभत नव्हती.

आणखी एक अडचण पाकिटाची. उपवासकाळात घरोघरी दानाचं पाकीट मिळतं. जे सोडलं त्याचे वाचलेले पैसे त्यात टाकायचे, असा साधा हिशेब. चहा सोडला की हे सोपं असायचं. इथं उलट, खर्च वाढलेला. नवरा म्हणाला, "तुझ्या उपासात पाकीटवाले उपाशी." शेवटी ऑफिसच्या कँटीनमधली दुपारची कॉफी बंद करून ते पैसे टाकले. म्हणजे फिरून कप-बशीपाशी आलेच.

हे सगळं बाजारापुरतं होतं तोवर ठीक होतं. पण यशयानं भाजीवालीचं नाव घेतलेलं नाही, त्यानं कामकऱ्यांचं घेतलंय, आणि कामाला आमच्याकडे मावशी येतात. १४ मार्चला धुळवड होती, त्या शिमग्याला गावी गेल्या आणि सांगितल्यापेक्षा बऱ्याच उशिरा आल्या. महिन्याला दोन खाडे माफ, त्यापुढे पैसे कापायचे, हा आमचा कायदा. महिनाअखेरीस नवऱ्यानं वही उघडली. मी म्हटलं, राहू दे. तो म्हणाला, "ही घासाघीस नाही, हा हिशेब आहे. तू जे सोडलंयस त्यात हे बसत नाही."

वाद बराच वेळ चालला, आणि खरं सांगायचं तर त्याचा मुद्दा बिनतोड होता. त्याच्याही ऑफिसात रजा संपली की पगार कापतात. पण त्याच्या रजा संपायला वर्षाच्या तीसेक असतात, पगारी, आजारपणाच्या वेगळ्या. मावशींच्या वर्षाला चोवीस, आणि त्याही त्या आजारी पडल्या, पोर आजारी पडलं, पाणी आलं नाही, गाडी बंद पडली, सगळं धरून. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिल्यावर तो गप्प झाला. पटलं म्हणून की दमला म्हणून, ते सांगता येत नाही. पैसे कापले नाहीत. मावशींनी पैसे मोजले, पदराला बांधले आणि त्याच दमात पुढच्या महिन्याची उचल मागितली. माझ्या चेहऱ्यावर काय उमटलं असेल देव जाणे. कृतज्ञतेचे दोन शब्द मिळतील अशी माझी अपेक्षा होती, हे तेव्हा लक्षात आलं. उपास करताना तोंड उतरवू नका असं मत्तय सांगतो. तोंड पाडून दान करू नका हेही त्यानं लिहायला हवं होतं.

पवित्र आठवडा नेहमीसारखाच गडबडीत गेला, गुरुवारी पाय धुण्याचा विधी, १८ एप्रिलला गुड फ्रायडे, शनिवारी रात्रीचा मिस्सा. काकांनी फाटकाबाहेर सिगारेट पेटवली. ईस्टरच्या सकाळी मटणाच्या दुकानासमोर रांग लागली होती आणि तिथं भाव पाटीवर लिहिलेला असतो, कोणी चकार शब्द काढत नाही.

आता मी भाव करते का? करते. कपड्यांच्या दुकानात करते, मोबाईलवाल्याशी करते, स्टेशनवरून घरी सोडायला अव्वाच्या सव्वा मागणाऱ्या रिक्षावाल्याशी तर कडाकडा भांडते. जमिनीवर पाटी घेऊन बसलेल्या बायांशी सहसा नाही. सहसा म्हणते, कारण जावा सोबत असल्या की कधी कधी जुनं कसब दाखवायचा मोह होतो, आणि मग "ये बाय, ये" ऐकलं की बरं वाटतंच.

मावशींच्या खाड्यांचा प्रश्न मात्र नवऱ्यानंच धसास लावला. वहीत मागं-पुढं करून एक दिवस त्यानं जाहीर केलं की आतापासून महिन्याला चार सुट्ट्या पगारी. मावशींनी ते ऐकून घेतलं, कमरेवर हात ठेवले, घासाघीस केली आणि पाच करून घेतल्या.